पांढुर्णा : सातपुड्याच्या पायथ्याचा मराठी जिल्हा

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, महाराष्ट्राच्या नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांना लागून असलेला पांढुर्णा जिल्हा ५ ऑक्टोबर २०२३ रोजी अस्तित्वात आला. छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे करून तो तयार करण्यात आला. त्याच वर्षी मऊगंज आणि मैहर हे जिल्हेही निर्माण झाले आणि राज्यातील जिल्ह्यांची संख्या ५५ झाली. या ५५ जिल्ह्यांत पांढुर्ण्याचे वेगळेपण त्याच्या भाषेत आहे. येथील घरांत, शेतांत, बाजारांत आणि भजनांत प्रामुख्याने मराठी ऐकू येते. कचेरीतील कागद मात्र हिंदीत असतो. राज्याची राजधानी भोपाळ येथून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, तर नागपूर जेमतेम शंभर किलोमीटरांवर. प्रशासनाच्या दृष्टीने हा मध्य प्रदेशाचा भाग असला, तरी व्यवहाराच्या दृष्टीने तो नागपूर महानगराचे परराज्यात पडलेले उपनगर म्हणता येईल.

भूगोल : घाटावरचे आणि घाटाखालचे

जुन्या छिंदवाडा जिल्ह्याचे दोन नैसर्गिक विभाग मानले जात. सातपुड्याच्या पठारावरील उंच प्रदेशाला ‘बालाघाट’, तर दक्षिणेकडील सखल पट्ट्याला ‘झेरघाट’ म्हणत. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके प्रामुख्याने या दुसऱ्या, म्हणजे घाटाखालच्या पट्ट्यात येतात. छिंदवाड्याहून सौंसरकडे येणारा रस्ता सिल्लेवानीच्या घाटातून खाली उतरतो आणि उतार संपताच प्रदेशाची चर्या बदलते. साग-पळसाचे डोंगर मागे पडतात, काळी जमीन, कापूस आणि संत्र्यांच्या बागा सुरू होतात. पुढे नागपूरपर्यंत हेच दृश्य कायम राहते. राज्यांची सीमा मधूनच जाते, पण जमीन बदलत नाही.

जाम आणि कन्हान या येथील मुख्य नद्या. पांढुर्णा शहर जाम नदीच्या काठी वसले आहे. कन्हान पुढे नागपूर जिल्ह्यातून वाहत वैनगंगेला मिळते. त्यामुळे या भागाचे पावसाचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते, नर्मदेच्या नव्हे. जिल्ह्याच्या पश्चिमेस वर्धा नदीचे खोरे लागते आणि तिच्या पलीकडे वरूड-मोर्शीचा प्रसिद्ध संत्रापट्टा आहे. पाण्याची वाट, पिकांची जात आणि बाजाराची दिशा या तिन्ही गोष्टी या प्रदेशाला विदर्भाशी जोडतात.

भूशास्त्राच्या अभ्यासकांना सौंसर हे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा आणि बालाघाटपर्यंत पसरलेल्या अतिप्राचीन रूपांतरित खडकांच्या मालिकेला ‘सौंसर समूह’ असे नाव आहे. भारतातील मँगनीजचे महत्त्वाचे साठे याच खडकांत आढळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी एल. एल. फर्मोर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या पट्ट्याचा तपशीलवार अभ्यास केला. देशातील मँगनीज साठ्यांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांच्या एका खडकाला त्यांनी येथील गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार या गावावरूनही एका खनिजाला ‘सीतापाराइट’ हे नाव मिळाले होते; पुढे ते आधीच ज्ञात असलेल्या बिक्सबाइट या खनिजाशी एकरूप असल्याचे स्पष्ट झाले. पश्चिमेकडे, पांढुर्ण्याच्या बाजूस, या प्राचीन खडकांवर दख्खनच्या बेसाल्टचा थर येतो. येथील काळी कसदार माती त्याचीच देणगी आहे.

इतिहास : देवगडपासून नागपूरपर्यंत

हा सारा प्रदेश देवगडच्या गोंड राज्याचा भाग होता. देवगडचा किल्ला आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. याच घराण्यातील बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी नागपूर शहराची स्थापना केली. म्हणजे नागपूरशी असलेले या भागाचे नाते मराठी सत्तेच्याही आधीचे आहे, आणि ते नागपूरकडून इकडे नव्हे, तर इकडून नागपूरकडे गेलेले आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. शेती, महसूल आणि वतनांच्या व्यवहारांत मराठी रुळली. कुणबी, तेली, माळी, कोष्टी अशा समाजांची वस्ती वाढली. तिसरे रघुजी भोसले यांचे १८५३ साली निधन झाल्यावर इंग्रजांनी वारस नसल्याचे कारण देऊन राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली.

इंग्रजी अमदानीत छिंदवाडा जिल्ह्याचे छिंदवाडा आणि सौंसर असे दोन तालुके होते. पांढुर्णा तेव्हा सौंसर तालुक्यात मोडत असे. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीला वाहिलेला आहे. त्यात नागपूर परिसराच्या बोलीची ‘नागपुरी’ या नावाने नोंद आहे. सौंसर-पांढुर्ण्याची बोली याच परिवारातील होय.

या प्रदेशाच्या इतिहासातील निर्णायक तारीख १ नोव्हेंबर १९५६ ही आहे. तोपर्यंतच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या राज्याने १९५० मध्ये हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा दिला होता. १९३६ साली स्थापन झालेले उच्च न्यायालयही नागपुरातच होते. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा, बैतूल, बालाघाट हे जिल्हे मध्य प्रदेशात राहिले. जिल्हा हा घटक मानून वाटणी झाल्याने छिंदवाड्याचा मराठीभाषक दक्षिण भागही उर्वरित जिल्ह्याबरोबर गेला. सौंसरच्या शेतकऱ्याने जागा सोडली नाही; पण एका रात्रीत त्याची राजधानी नागपूरहून भोपाळला आणि उच्च न्यायालय नागपूरहून सुमारे तीनशे किलोमीटरांवरील जबलपूरला गेले. दोन राजभाषांच्या राज्यातून तो हिंदीच्या राज्यात आला.

नवा जिल्हा

क्षेत्रफळाने छिंदवाडा हा मध्य प्रदेशातील सर्वांत मोठा जिल्हा होता. त्याचे क्षेत्र ११,८१५ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २० लाख ९० हजारांहून अधिक होती. पांढुर्ण्याहून छिंदवाडा सुमारे ९० किलोमीटर. जमिनीचा वाद, जातीचा दाखला किंवा जिल्हा रुग्णालय अशा कामांसाठी घाट चढून जावे लागे आणि साधारणपणे सारा दिवस मोडे. स्वतंत्र जिल्ह्याच्या मागणीमागे हा रोजचा अनुभव होता.

२४ ऑगस्ट २०२३ रोजी सौंसर तालुक्यातील जामसावळी येथे ‘हनुमान लोक’ प्रकल्पाच्या भूमिपूजनप्रसंगी तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली. ऑक्टोबरमध्ये अधिसूचना निघाली आणि काही दिवसांतच विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली. जिल्ह्यात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन विधानसभा मतदारसंघ असून त्यांपैकी पांढुर्णा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. नोव्हेंबर २०२३च्या निवडणुकीत पांढुर्ण्यातून नीलेश उइके आणि सौंसरमधून विजय चौरे हे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. लोकसभेसाठी मात्र दोन्ही मतदारसंघ छिंदवाड्यातच आहेत. अनेक वर्षे कमलनाथ यांच्या प्रभावाखाली असलेला हा लोकसभा मतदारसंघ २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे विवेक बंटी साहू यांनी जिंकला.

पांढुर्णा आणि सौंसर या दोन नगरपालिका आणि लोधीखेडा, मोहगाव, पिपळा नारायणवार या नगरपरिषदा ही जिल्ह्यातील नागरी केंद्रे. २०११ साली पांढुर्णा शहराची लोकसंख्या सुमारे ४५ हजार होती. जिल्ह्याचे मुख्यालय म्हणून हे शहर लहानच आहे. नव्या जिल्ह्याला कार्यालये, न्यायालये, रुग्णालय, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने हे सारे शून्यातून उभारावे लागते; तोवर जिल्ह्याची पाटी आधी लागते आणि सोयी मागाहून येतात. सौंसरकरांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यांना छिंदवाडाही दुर्गम नव्हते. त्यांच्यासाठी नव्या मुख्यालयाचे मोल तेथे मिळणाऱ्या सेवेवरूनच ठरणार आहे.

संत्रे, कापूस आणि कारखाने

जिल्ह्याची अर्थव्यवस्था मुख्यतः शेतीवर उभी आहे आणि शेतीत संत्र्याचे स्थान पहिले. बाजारात ‘नागपुरी संत्रे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फळांत पांढुर्णा-सौंसरचा वाटा मोठा आहे. झाडाला वर्षातून दोन मुख्य बहर घेता येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास तोडणीला येतो. जून-जुलैत, पावसाच्या तोंडावर फुलणारा मृग बहर पुढील फेब्रुवारी-मार्चमध्ये. बहर येण्यासाठी झाडाला काही आठवडे पाणी तोडून ‘ताण’ दिला जातो आणि मग पाणी सोडले जाते. या ताणाचे गणित पावसाच्या हाती असते. ताणाच्या काळात अवकाळी पाऊस झाला, तर बहर फसतो. मृगाचा पाऊस लांबला, तर फूलच येत नाही. फळ पोसण्याच्या काळात गारपीट झाली, तर वर्षाची कमाई जमिनीवर पडते.

बागा विहिरी आणि कूपनलिकांवर जगतात. भूजलाची पातळी खाली गेली की कूपनलिका अधिक खोल जाते आणि कर्जही. संत्र्याचे झाड पाच-सहा वर्षांनी फळावर येते. त्यामुळे एका कोरड्या उन्हाळ्यात वाळलेली बाग म्हणजे एका हंगामाचे नव्हे, तर अनेक वर्षांच्या श्रमाचे नुकसान. तोडलेला माल नागपूरच्या कळमना बाजारात आणि तेथून देशभर जातो. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थाही नागपुरातच आहे. एकाच जातीची बाग, एकच रोग आणि एकच बाजार असूनही सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांसाठी अनुदानाच्या, विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या योजना वेगवेगळ्या राज्यांच्या असतात. सीमेवरचा शेतकरी म्हणूनच शेजारच्या राज्याच्या निर्णयांकडेही डोळे लावून असतो.

संत्र्याच्या जोडीला कापूस, तूर, सोयाबीन आणि भाजीपाला पिकतो. सौंसर तालुक्यातील बोरगाव औद्योगिक क्षेत्र हे जिल्ह्यातील मुख्य औद्योगिक केंद्र. रेमंड कंपनीचा कापड कारखाना १९९०च्या दशकापासून येथे आहे. नागपूरची जवळीक, रस्त्याची सोय आणि मध्य प्रदेश शासनाच्या सवलती यांमुळे हे क्षेत्र वाढले. तरीही उच्च शिक्षण, मोठे रुग्णालय आणि नोकरी या तिन्हींसाठी येथील तरुण आजही नागपूरचीच वाट धरतो.

दळणवळण

पांढुर्णा हे दिल्ली-चेन्नई मुख्य लोहमार्गावरील स्थानक आहे. इटारसी-नागपूर दरम्यानचा हा मार्ग मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतो. जुन्या राष्ट्रीय महामार्ग ६९ची जागा घेणारा महामार्ग ४७ नागपूरहून सावनेर, पांढुर्णा, मुलताईमार्गे बैतूल-भोपाळकडे जातो. सौंसर मात्र दुसऱ्या वाटेवर आहे. सावनेरहून छिंदवाड्याकडे जाणारा महामार्ग ५४७ आणि नागपूर-छिंदवाडा लोहमार्ग हे त्याचे आधार. विसाव्या शतकाच्या आरंभी टाकलेला हा लोहमार्ग अरुंद मापाचा होता. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, भिमालगोंदी अशी स्थानके घेत घाट चढणारी ही छोटी गाडी एका शतकाच्या सेवेनंतर २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी थांबवण्यात आली. आता त्या मार्गावर रुंदमापी रूळ आहेत. या दोन समांतर वाटांचा परिणाम असा, की पांढुर्णा आणि सौंसर ही दोन्ही गावे नागपूरशी थेट जोडलेली आहेत, पण एकमेकांशी रेल्वेने जोडलेली नाहीत. एका जिल्ह्यात आल्यावर ही उणीव अधिक जाणवते.

श्रद्धास्थाने आणि गोटमार

जामसावळी येथील हनुमान मंदिर हे जिल्ह्यातील सर्वांत मोठे तीर्थ. पिंपळाखाली निद्रावस्थेत असलेली हनुमंताची मूर्ती स्वयंभू मानली जाते. मंगळवारी, शनिवारी आणि हनुमान जयंतीला येथे नागपूर, छिंदवाडा, बैतूल या भागांतून भाविक येतात. मोहगाव हवेली येथील अर्धनारीश्वराचे शिवमंदिरही प्रसिद्ध आहे. गावोगावी विठ्ठल-रखुमाईची मंदिरे, हरिनाम सप्ताह आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची परंपरा आढळते.

देशभर पांढुर्ण्याचे नाव मात्र गोटमारीमुळे पोहोचले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव असे दोन गट उभे राहतात. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधलेला असतो. पांढुर्ण्याच्या बाजूने तो तोडून आणायचा आणि सावरगावच्या बाजूने त्याचे रक्षण करायचे. दोन्हींकडून दगडांचा वर्षाव होतो. शेवटी झेंडा चंडीमातेच्या मंदिरात अर्पण केला जातो. यामागे सांगितली जाणारी कथा प्रेमाची आहे. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत असताना दोन्ही गावांनी दगडफेक केली आणि त्या दोघांचा नदीतच अंत झाला, असे लोक सांगतात. भोसल्यांच्या सैनिकांच्या युद्धसरावातून ही प्रथा आली, अशीही एक आख्यायिका आहे.

या एका दिवसात दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर अनेकांना जीव गमवावा लागला आहे आणि कित्येकांना कायमचे अपंगत्व आले आहे. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदी लागू केली, गोफणीवर बंदी घातली. परंतु दगड थांबले नाहीत. आता नदीकाठी वैद्यकीय पथके आणि रुग्णवाहिका सज्ज ठेवल्या जातात. परंपरेचा अभिमान आणि घरातील जखमी माणूस या दोन्ही गोष्टी पांढुर्ण्यातील अनेक कुटुंबांनी एकाच वेळी अनुभवल्या आहेत. म्हणूनच गावातील या विषयावरची चर्चा बाहेरून दिसते तितकी सरळ नाही.

भाषेचा प्रश्न

येथील मराठीवर नागपुरी-वऱ्हाडीची छाप आहे आणि हिंदीच्या सहवासाने तिच्यात अनेक शब्द मिसळले आहेत. पवार, म्हणजेच भोयर, समाजाची पवारी बोली आणि गोंड समाजाची गोंडी याही या प्रदेशाच्या भाषा आहेत. घरी मराठी किंवा पवारी, शाळेत हिंदी आणि नागपूरच्या महाविद्यालयात पुन्हा मराठी-इंग्रजी, असा येथील अनेक विद्यार्थ्यांचा प्रवास असतो. जी भाषा बोलता येते तिच्यात अर्ज लिहिता येत नाही आणि जिच्यात अर्ज लिहायचा ती आजीला वाचता येत नाही. अडचणीचे हे स्वरूप साधे, पण रोजचे आहे.

गोव्याच्या वाचकांना हा पेच अपरिचित वाटणार नाही. तेथे १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, तरी शासकीय व्यवहारात मराठीच्या वापरालाही कायद्यात स्थान मिळाले. पांढुर्णा-सौंसरच्या मराठीला १९५६ नंतर अशी कायदेशीर जागा उरली नाही. भोपाळ येथे राज्य शासनाची मराठी साहित्य अकादमी आहे. पण तिचे कार्य साहित्य-संस्कृतीचे आहे, तलाठ्याच्या दप्तराशी तिचा संबंध नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानेही सीमेपलीकडच्या या बोलणाऱ्यांच्या कागदपत्रांत फरक पडत नाही.

नव्या जिल्ह्याचे महत्त्व या संदर्भात वेगळे ठरते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात काही निकष मान्य आहेत. घटनेच्या ३५० क कलमानुसार प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय अपेक्षित आहे आणि त्यासाठी वर्गात १० किंवा शाळेत ४० विद्यार्थी हे प्रमाण ठरलेले आहे. ज्या क्षेत्रात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के वा अधिक असतील, तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेत प्रसिद्ध करावयाच्या असतात. जिल्ह्यात हे प्रमाण ६० टक्के वा अधिक असेल, तर त्या भाषेला तेथे दुसऱ्या राजभाषेचे स्थान देण्याची तरतूद सुचवलेली आहे. वीस लाखांच्या छिंदवाडा जिल्ह्यात दक्षिणेकडच्या मराठीचे प्रमाण हिंदी आणि गोंडीच्या संख्येत विरून जात असे. २०२७च्या जनगणनेत पांढुर्ण्याची मोजणी प्रथमच स्वतंत्र जिल्हा म्हणून होईल आणि मातृभाषेचा आकडाही जिल्ह्याच्या नावाने वेगळा नोंदवला जाईल.

तो आकडा काय येईल, हे घरोघरी दिलेल्या उत्तरांवर अवलंबून राहील. ‘शाळेची भाषा’ हीच मातृभाषा समजून हिंदी सांगण्याची सवय अनेक घरांत आहे. पवारी बोलणारे कोणती नोंद करतील, हाही प्रश्न आहे. निकष कागदावर असले, तरी त्यांची मागणी नोंदवल्याशिवाय ते अमलात येत नाहीत. जिल्हा कचेरी आता घाट उतरून दारात आली आहे. तिच्या खिडकीवर आपल्या भाषेतील अर्ज स्वीकारला जाईल का, याचे उत्तर शोधण्याची सुरुवात प्रगणकाच्या एका रकान्यापासून होणार आहे.